वर्गातील मोठा पडदा आणि अक्षरांचे माप

धुळे व जळगाव या दोन्ही जिल्ह्यांतील प्राथमिक शाळांच्या वर्गांत गेल्या दहा वर्षांत फळ्याच्या शेजारी एक नवी वस्तू येऊन बसली आहे. कोठे तो भिंतीवर टांगलेला टीव्ही असतो, कोठे संगणकाचा सुटा मॉनिटर, तर कोठे प्रोजेक्टर व त्याच्या समोरचा पांढरा पडदा. शिक्षकाच्या लॅपटॉपला केबल जोडली, की लॅपटॉपवरील चित्र त्या मोठ्या पडद्यावर जसेच्या तसे उमटावे, अशी अपेक्षा असते. चित्र उमटते खरे. परंतु पुष्कळदा ते जसे हवे तसे नसते. कडा कापल्या जातात, अक्षरे मुंगीएवढी होतात किंवा नको तितकी फुगतात, शिरोरेषा धूसर होते, वाटोळा चेंडू अंड्यासारखा लांबट दिसू लागतो. मग यंत्रच बिघडले अशी समजूत होते, आणि ते कापडाखाली झाकून ठेवले जाते. वस्तुतः यांपैकी बहुतेक दोष हे बिघाड नव्हेत. लॅपटॉपचे माप व मोठ्या पडद्याचे माप यांची जुळणी झालेली नसते, एवढेच. ही जुळणी शिक्षकाला स्वतः करता येते व तिला पैसा लागत नाही.

हा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु खानदेशात तरी तो तसा नाही. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याच सुमारास ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील पाष्टेपाड्याच्या शाळेचे उदाहरण सर्वत्र पोचले, आणि डिजिटल शाळा हा शब्द गावोगाव रूढ झाला. धुळे जिल्ह्यात या कामाला फार मोठी गती मिळाली. मूळचे धुळ्याचे व न्यूयॉर्क येथे बँकिंग क्षेत्रात काम करणारे हर्षल विभांडिक यांनी गावोगाव सभा घेऊन लोकांना या कामासाठी वर्गणी देण्यास प्रवृत्त केले व स्वतःचाही हातभार लावला. २०१७ पर्यंत जिल्हा परिषदेच्या अकराशेंहून अधिक शाळा डिजिटल झाल्या. हे पडदे बहुतांशी लोकवर्गणीतून आलेले आहेत. ज्या शेतकऱ्याने कापसाच्या पैशातून पाचशे रुपये दिले, तो एखाद्या दिवशी शाळेत डोकावतो व पडद्यावरचा मजकूर दोन्ही बाजूंनी कापलेला पाहतो, तेव्हा आपल्या पैशाचे काय झाले हा प्रश्न त्याच्या मनात येणारच. पुढच्या वेळी वर्गणी मागताना त्या प्रश्नाचे उत्तर मुख्याध्यापकाला द्यावे लागते.

तथापि खरा प्रश्न वर्गणीचा नसून अनुस्वाराचा आहे. मराठीत 'मद' आणि 'मंद', 'रग' आणि 'रंग', 'वश' आणि 'वंश' यांत भेद करणारी खूण म्हणजे शिरोरेषेवरचा एक ठिपका. पडद्यावर तो ठिपका शिरोरेषेत मिसळून गेला, तर शिक्षकाला त्याची उणीव भासत नाही, कारण शब्द त्याच्या परिचयाचा असतो. पुस्तकी मराठी ज्याच्या घरी बोलली जाते त्या मुलालाही वाक्याच्या ओघावरून शब्द ओळखता येतो. परंतु खानदेशातील वर्गात घरी अहिराणी बोलणारी मुले असतात. यावल-रावेरकडे लेवा गणबोली बोलणारी असतात. शिरपूर व चोपडा तालुक्यांच्या सातपुड्यातील पाड्यांवर पावरी बोलणारी असतात. प्रमाण मराठीतील शब्द ही मुले पुष्कळदा प्रथमच पाहत असतात. त्यांना अंदाज करण्यास आधार नसतो. जे दिसते तेच ती वाचतात, आणि जे वाचले तेच शिकतात. ठिपका दिसला नाही तर 'रंग' हा शब्द त्यांच्यापुरता 'रग' असाच पक्का होतो. पुढे वहीत ती चूक लाल शाईने दाखविली जाते. परंतु ती चूक मुलाची नसते.

शेवटच्या रांगेचे गणित

अध्यापक विद्यालयात फलकलेखनाचा सराव करताना प्रत्येकाला एक सूचना मिळालेली असते: अक्षर लिहून झाले की शेवटच्या बाकापाशी जाऊन ते वाचून पाहावे. पडद्याच्या बाबतीत हा नियम सर्रास विसरला जातो. याचे कारण असे, की फळ्यावर लिहिताना शिक्षक फळ्याकडे पाहत असतो, तर लॅपटॉप चालविताना तो लॅपटॉपकडे पाहत असतो. त्याला अक्षर स्पष्ट दिसते. म्हणून सर्वांना दिसत असेल असे तो धरून चालतो.

येथे थोडे गणित केल्यास पुढील सर्व उपाय आपोआप उलगडतात. प्रत्येक पडदा हा लहान लहान चौकोनी ठिपक्यांचा बनलेला असतो. त्या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. एका आडव्या ओळीत किती व एका उभ्या ओळीत किती पिक्सेल आहेत, ते पडद्याचे रेझोल्यूशन होय. हल्लीच्या पुष्कळ लॅपटॉपांवर ते १९२० × १०८० असते, व ४३ इंची टीव्हीवरही पुष्कळदा तेच असते. म्हणजे ठिपक्यांची संख्या दोहोंत समान. परंतु ठिपक्याचा आकार मात्र भिन्न. १५.६ इंची लॅपटॉपवर एक पिक्सेल सुमारे ०.१८ मिलिमीटरचा भरतो. ४३ इंची टीव्हीवर तोच अर्ध्या मिलिमीटरचा होतो. टीव्हीवरील अक्षर म्हणून पावणेतीन पट मोठे असते, आणि ते मोठे आहे यावर शिक्षक समाधान मानतो. पण अंतराकडे लक्ष जात नाही. शिक्षकाचा डोळा लॅपटॉपपासून अर्ध्या मीटरवर असतो. शेवटच्या रांगेतील मुलाचा डोळा टीव्हीपासून सहा मीटरवर, म्हणजे बारा पट दूर असतो. अक्षर पावणेतीन पट वाढले व अंतर बारा पट वाढले. हिशेब केला तर त्या मुलाला ते अक्षर शिक्षकाला दिसते त्याच्या चौथ्या हिश्श्याहूनही थोडे लहान दिसते.

नेत्रतपासणीच्या तक्त्यावरून याची आणखी खात्री पटते. सहा मीटरवरून ज्याची दृष्टी निर्दोष आहे त्याला जे सर्वांत लहान अक्षर वाचता यावे अशी अपेक्षा असते, त्याची उंची सुमारे पावणेनऊ मिलिमीटर असते. आता बारा पॉइंट मापाचा मराठी मजकूर घ्यावा. संगणकाच्या नेहमीच्या प्रमाणात बारा पॉइंट म्हणजे सोळा पिक्सेल, म्हणजेच टीव्हीवर आठ मिलिमीटर. परंतु हे माप वेलांटी, मात्रा व उकार यांसह सबंध जागेचे आहे. शिरोरेषेखालील अक्षर त्याच्या निम्म्याहून थोडेच अधिक, म्हणजे चार-साडेचार मिलिमीटर भरते. अनुस्वाराचा ठिपका तर एक-दोन पिक्सेलांचा, म्हणजे फार तर एक मिलिमीटरचा. निर्दोष डोळ्यालाही सहा मीटरवरून दोन खुणा सुट्या दिसण्यासाठी त्यांच्यात सुमारे पावणेदोन मिलिमीटर अंतर असावे लागते. अर्थात त्या रांगेतील मुलाला तो मजकूर वाचता येत नाही हे आश्चर्य नव्हे. त्याने तो वाचला असता तर ते आश्चर्य ठरले असते. इंग्रजी अक्षरे यापेक्षा लहान असूनही वाचता येतात, कारण त्यांत वर-खाली जोडण्याच्या खुणा नाहीत. म्हणून इंग्रजी पाठासाठी जे माप चालते ते मराठीसाठी चालेल असे धरू नये.

स्केल म्हणजे काय

विंडोज या संगणक-प्रणालीत अक्षरे, चिन्हे व खिडक्या एकदम लहानमोठ्या करण्याची एक सोय आहे. तिला स्केल असे नाव आहे. १०० टक्के हे मूळ प्रमाण. त्यात कागदावरील एक इंच म्हणजे ९६ पिक्सेल असे गृहीत धरलेले असते. १५० टक्के केले, की तोच इंच १४४ पिक्सेलांचा होतो व प्रत्येक अक्षर दीडपट वाढते. अर्थात जागा काही फुकट मिळत नाही. १९२० × १०८० चा पडदा १५० टक्क्यांवर ठेवला, तर त्यावर १२८० × ७२० च्या पडद्याएवढाच मजकूर मावतो. पिकाच्या ओळींतील अंतर वाढविले की वाफ्यात रोपे कमी बसतात, तसाच हा प्रकार.

स्केल आणि रेझोल्यूशन यांची गल्लत हे सर्व गोंधळाचे मूळ आहे. अक्षरे लहान दिसू लागली, की पुष्कळ जण रेझोल्यूशन कमी करतात. त्याने अक्षरे मोठी होतात हे खरे. परंतु पडद्याचे ठिपके तर ठरलेले आहेत. १९२० ठिपक्यांच्या ओळीवर १२८० ठिपक्यांचे चित्र ताणून बसवावे लागते, एकेक ठिपका दीड ठिपक्यावर पसरतो, आणि सर्व कडा धूसर होतात. शिरोरेषा व अनुस्वार यांची सरमिसळ होण्याचे हे एक मोठे कारण होय. म्हणून नियम असा धरावा: रेझोल्यूशन हे पडद्याचे जे मूळ असेल तेच ठेवावे, आणि अक्षरे वाढवावयाची ती स्केल वाढवून. सूचीत मूळ रेझोल्यूशनाच्या पुढे बहुधा 'रेकमेंडेड' असा शब्द लिहिलेला असतो.

या नियमाला एक अपवाद आहे व तो खेड्यातील शाळांत वारंवार आढळतो. ३२ इंची स्वस्त टीव्हीचे मूळ रेझोल्यूशन पुष्कळदा १३६६ × ७६८ असते. परंतु तो लॅपटॉपला आपण १९२० × १०८० चे चित्र स्वीकारतो असे कळवितो, आणि मिळालेले चित्र स्वतःच आकसून दाखवितो. लॅपटॉप बिचारा त्याच्या शब्दावर विसंबतो. टीव्हीच्या खोक्यावर किंवा माहितीपत्रात मूळ आकडा दिलेला असतो. तो पाहून सूचीत १३६६ × ७६८ असल्यास तेच निवडावे.

जुळणी कशी करावी

केबल जोडल्यावर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून धरावी व पी ही कळ दाबावी. पडद्याच्या कडेला चार पर्याय येतात. केवळ लॅपटॉप, दोहोंवर एकच चित्र, दोन्ही मिळून एक लांब पडदा, आणि केवळ दुसरा पडदा, असा त्यांचा अर्थ. इंग्रजीत दुसऱ्याला डुप्लिकेट व तिसऱ्याला एक्स्टेंड म्हणतात.

बहुतेक वर्गांत डुप्लिकेट हाच पर्याय चालू असतो, कारण तो समजण्यास सोपा आहे. परंतु मापांच्या दृष्टीने तोच सर्वांत अडचणीचा. एकच चित्र दोन ठिकाणी दाखवावयाचे असल्यामुळे संगणकाला दोहोंसाठी एकच रेझोल्यूशन व एकच स्केल पत्करावे लागते. दोन्ही पडद्यांची घडण सारखी असेल तर ठीक. नसेल तर एकाला तरी परके माप सोसावे लागते, आणि तो एक बहुधा मोठा पडदा असतो. लॅपटॉप १९२० चा व प्रोजेक्टर १०२४ × ७६८ चा असेल, तर एकाची घडण रुंद व दुसऱ्याची जवळजवळ चौकोनी. मग लॅपटॉपवर काळे पट्टे येतात किंवा चित्र ताणले जाते. चेंडू अंडाकृती होतो तो येथे. भूमिती शिकविताना वर्तुळाची लंबवर्तुळे होणे हे केवळ दिसण्याचे वैगुण्य नव्हे.

एक्स्टेंड या पर्यायात प्रत्येक पडद्याचे रेझोल्यूशन व स्केल स्वतंत्र ठेवता येते. सेटिंग्जमध्ये सिस्टिम व त्यात डिस्प्ले हे पान उघडावे. वर १ व २ असे आकडे असलेले दोन चौकोन दिसतात. 'आयडेंटिफाय' दाबल्यास कोणता आकडा कोणत्या पडद्याचा ते प्रत्यक्ष पडद्यावर उमटते. मोठ्या पडद्याचा चौकोन निवडून मग खाली त्याचे स्केल बदलावे. हा क्रम महत्त्वाचा आहे. चौकोन न निवडताच आकडा बदलल्याने लॅपटॉपची अक्षरे फुगली व टीव्ही तसाच राहिला, असे पुष्कळदा होते. लॅपटॉपवर जे सुखकर वाटते ते ठेवून मोठ्या पडद्याला १५० टक्के द्यावे व पाहावे. 'कस्टम' या नावाखाली मनास येईल तो आकडा लिहिण्याची सोय आहे, पण तिच्या वाटेस जाऊ नये. फार मोठा आकडा दिला गेल्यास परत फिरण्याची बटणेच पडद्याबाहेर जातात.

एक्स्टेंडमध्ये नवख्याला एक भीती वाटते. खिडकी एका पडद्यावर उघडते व माऊस दुसऱ्यावर हरवतो. दोन्ही चौकोन प्रत्यक्षातील मांडणीप्रमाणे ओढून ठेवावेत; टीव्ही उजवीकडे असेल तर २ चा चौकोन उजवीकडे. हरवलेली खिडकी परत आणण्यासाठी विंडोजची कळ, शिफ्ट व बाणाची कळ एकत्र दाबावी. खिडकी दुसऱ्या पडद्यावर उडी घेते. आठवडाभर सराव केला की हाताला वळण पडते. एक्स्टेंडचा आणखी एक लाभ म्हणजे हजेरीचा तक्ता किंवा पुढच्या प्रश्नाचे उत्तर लॅपटॉपवर उघडे ठेवता येते व ते मुलांना दिसत नाही.

ज्या शिक्षकाला हे सर्व जड वाटेल त्याने चौथा पर्याय घ्यावा. केवळ दुसरा पडदा चालू ठेवला, की संगणक त्याच एका पडद्याच्या मापाने चालतो. लॅपटॉप काळा पडतो व शिक्षकाला टीव्हीकडे पाहूनच काम करावे लागते. पण तोटा म्हणून जे सांगितले जाते तोच येथे फायदा आहे. जे मुलांना दिसते तेच शिक्षकालाही दिसते, व अक्षर लहान असेल तर ते त्याला ताबडतोब खुपते. केबल काढताच लॅपटॉप आपोआप उजळतो. घाबरण्याचे कारण नाही.

कापलेल्या कडा

टीव्हीवर चित्र मोठे होऊन चारही कडा चौकटीबाहेर जाणे, हा दोष लॅपटॉपच्या स्केलशी संबंधित नाही. त्याचा इतिहास काचेच्या जुन्या टीव्हीपर्यंत जातो. त्या नळीत चित्राच्या कडा सरळ राहत नसत, व विजेचा दाब कमी झाला की चित्र आकसे. ज्यांनी गावात रामायणाच्या काळातील टीव्ही पाहिला आहे त्यांना हे स्मरत असेल. म्हणून कारखानदार चित्र मुद्दाम थोडे मोठे करून त्याच्या कडा चौकटीखाली दडवीत. सपाट टीव्हीत त्याची गरज उरली नाही, पण सवय उरली. सिनेमात कडेचा बोटभर भाग गेला तर कळत नाही. संगणकाच्या चित्रात मात्र खालची चिन्हांची पट्टी व ओळीची पहिली-शेवटची अक्षरे नेमकी कडेलाच असतात.

यावर उपाय टीव्हीच्या रिमोटमध्ये आहे. चित्राच्या सेटिंग्जमध्ये चित्राचा आकार ठरविणारे एक कलम असते. निरनिराळ्या कंपन्यांनी त्याला निरनिराळी नावे दिली आहेत: कोठे 'जस्ट स्कॅन', कोठे 'स्क्रीन फिट', कोठे 'फुल पिक्सेल' किंवा 'डॉट बाय डॉट'. अर्थ एकच, की आलेला प्रत्येक ठिपका आपल्या प्रत्येक ठिपक्यावर बसवावा, वाढवू नये. काही टीव्हींत ज्या खाचेत केबल लावली तिला 'पीसी' असे नाव दिले, की टीव्ही ही सुधारणा स्वतः करून घेतो. शिवाय रंगीत अक्षरांच्या कडांवर दिसणारी झाकही त्यामुळे पुष्कळदा नाहीशी होते. असे कलमच नसल्यास लॅपटॉपच्या ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरमधून चित्र लहान करता येते. मात्र त्यात चित्र दोनदा मोडले-जोडले जाते व अक्षरांची धार थोडी बोथट होते. तो अखेरचा उपाय समजावा.

सर्व ठीक असूनही धूसर

रेझोल्यूशन मूळ आहे, स्केल योग्य आहे, कडा पूर्ण आहेत, तरीही एखाद्याच सॉफ्टवेअरची अक्षरे धूसर दिसतात व शेजारच्या खिडकीतील लख्ख असतात, असे घडते. याचा उलगडा असा, की दोन पडद्यांना दोन वेगळी स्केल देण्याची सोय विंडोजमध्ये २०१३ साली ८.१ या आवृत्तीपासून आली. त्यापूर्वीच्या धाटणीने लिहिलेल्या सॉफ्टवेअरला ती ठाऊकच नसते. ते एका मापाने अक्षरे काढून मोकळे होते. मग विंडोज त्या खिडकीचे जणू छायाचित्र घेऊन ते ताणते. शाळांतून वापरली जाणारी पाठांची कित्येक जुनी सॉफ्टवेअरे याच धाटणीची आहेत.

पहिला उपाय अगदी साधा आहे. केबल जोडून स्केल ठरवावे, मग साइन आउट करून पुन्हा साइन इन करावे. अशी पुष्कळ सॉफ्टवेअरे साइन इनच्या वेळचेच माप धरून बसतात. म्हणून वर्ग भरण्यापूर्वी टीव्ही जोडून मग लॅपटॉप सुरू करण्याची सवय लावली, तर निम्मी तक्रार उद्भवतच नाही. तेवढ्याने न भागल्यास त्या सॉफ्टवेअरच्या चिन्हावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, तेथे कम्पॅटिबिलिटी, व तेथे 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज' येथवर जावे. खालच्या भागातील खूण करून सूचीतून 'सिस्टिम एन्हान्स्ड' हा पर्याय निवडून पाहावा. ही सोय २०१७ पासून विंडोज १० मध्ये आली व विंडोज ११ मध्येही आहे. क्वचित तिने खिडकीची मांडणी विसकटते. तसे झाल्यास खूण काढून टाकावी.

जुन्या प्रोजेक्टरला निळ्या डोक्याची, पंधरा टाचण्यांची व्हीजीए केबल असते. ही पद्धत १९८७ सालची. पडदा कोणता आहे व त्याचे मूळ रेझोल्यूशन काय, ही माहिती पडद्याकडून लॅपटॉपकडे केबलमधूनच जाते. केबल हलकी असेल किंवा एखादी टाचणी वाकली असेल, तर चित्र येते पण ही माहिती येत नाही. मग लॅपटॉप अंदाजाने लहान रेझोल्यूशन देतो व सूचीत योग्य आकडा दिसतच नाही. अशा वेळी सेटिंग्जशी झगडण्यात अर्थ नाही, केबल बदलून पाहावी. चित्र एका बाजूला सरकलेले असल्यास प्रोजेक्टरवरील 'ऑटो' बटण एकदा दाबावे. शक्य तेथे एचडीएमआय केबल वापरावी हे बरे.

मोठ्या ४के टीव्हीवर माऊस अडखळत चालत असेल, तर केबल किंवा लॅपटॉपची खाच सेकंदाला ३० चित्रेच पाठवू शकत असते. तेथे मात्र १९२० × १०८० हे रेझोल्यूशन घ्यावे. त्यातील चारही बाजूंनी नेमका दुप्पट होणारा ठिपका ४के पडद्यावर चांगला बसतो.

स्लाइड व पाठ्यपुस्तकाची पाने

स्केलचा परिणाम पूर्ण पडदाभर चालणाऱ्या चित्रफितीवर किंवा स्लाइडवर होत नाही, कारण ती पडद्याएवढी ताणलीच जाते. तेथे अक्षराचे माप स्लाइडमध्येच ठरते. पॉवरपॉइंटच्या रुंद स्लाइडची उंची साडेसात इंच, म्हणजे ५४० पॉइंट असते. आणि ४३ इंची टीव्हीच्या पडद्याची उंची सुमारे ५३५ मिलिमीटर असते. हा योगायोग शिक्षकाच्या सोयीचा आहे: स्लाइडवरील एक पॉइंट म्हणजे पडद्यावर जवळजवळ एक मिलिमीटर. सहा मीटर लांबीच्या वर्गासाठी मराठी मजकूर ३२ पॉइंटांहून कमी ठेवू नये. अनुस्वार व ऱ्हस्व-दीर्घ शिकवावयाचे असतील तर ४८ घ्यावेत. ३२ इंची टीव्हीवर एक पॉइंट पाऊण मिलिमीटरचाच पडतो, तेव्हा तेथे आकडे त्या मानाने वाढवावेत. या मापात एका स्लाइडवर आठ-दहा ओळींहून अधिक मजकूर मावत नाही, आणि तेवढाच असावा. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येत असतील तर स्लाइड जुन्या चौकोनी घडणीची आहे असे समजावे. 'डिझाइन'मधील 'स्लाइड साइझ' बदलल्याने ते जातात.

बालभारतीच्या पुस्तकांची पीडीएफ पाने हा वेगळा प्रकार. पुस्तकाचे पान उभे, पडदा आडवा. सबंध पान एकदम दाखविण्याच्या हव्यासाने त्यातील अक्षर वर सांगितलेल्या चार मिलिमीटरांवर येते. पानाची रुंदी पडद्याच्या रुंदीएवढी करावी व पान हळूहळू वर सरकवीत जावे. दीक्षावरील पाने व इतर संकेतस्थळे यांसाठी कंट्रोल कळ दाबून अधिकाची कळ दाबली की तेवढीच खिडकी मोठी होते; स्केलला हात लावावा लागत नाही.

जुळणी झाली की नाही हे ठरविण्याचा अधिकार लॅपटॉपपाशी बसलेल्याला नाही. पडद्यावर 'मद, मंद, रग, रंग, दिन, दीन' असे शब्द सरमिसळ क्रमाने लिहावेत. शेवटच्या रांगेतील तीन-चार मुलांना ते एकेक करून वहीत उतरवून घेण्यास सांगावे, मोठ्याने वाचावयास लावू नये. एकाचे ऐकून दुसरा वाचतो. खिडक्या नेहमीप्रमाणे उघड्या असताना हे करावे. मार्च-एप्रिलच्या सकाळी पूर्वेच्या खिडकीतून येणारे ऊन पडद्यावर पडले, तर कोणत्याही स्केलचा उपयोग होत नाही. पडदा त्या भिंतीवरून हलवावा किंवा खिडकीला जाड कापड लावावे. सर्वांनी अचूक उतरविले आणि एखाद्याच मुलाचे चुकत असेल, तर त्याला पुढे बसवून पुन्हा उतरवून घ्यावे. पुढे बसल्यावर जमले तर दोष पडद्याचा नसून त्याच्या डोळ्यांचा असण्याचा संभव आहे, आणि शालेय आरोग्य तपासणीचे पथक येईल तेव्हा त्याचे नाव अगोदर द्यावे.

विंडोज एकदा जोडलेल्या पडद्याची मापे ध्यानात ठेवते, परंतु ती त्या लॅपटॉपपुरतीच. शिक्षकाची बदली झाली किंवा लॅपटॉप बदलला, की सर्व पुन्हा करावे लागते. म्हणून टीव्हीचे मूळ रेझोल्यूशन, ठरविलेले स्केल, रिमोटमधील त्या कलमाचे नाव व केबल लावावयाची खाच, एवढे चार आकडे-शब्द जाड कागदावर लिहून तो कागद टीव्हीच्या पाठीमागे चिकटवावा, व त्याचीच एक प्रत जडवस्तूसंग्रह नोंदवहीत त्या टीव्हीच्या नोंदीपाशी ठेवावी.